‘केले असते तर’ आणि ‘करायला हवे होते’ : न घडलेल्या भूतकाळाविषयी इंग्रजीत बिनचूक कसे लिहावे

‘मी लवकर निघालो असतो तर गाडी चुकली नसती’ हे वाक्य इंग्रजीत करायला दिले की पुढील उत्तर हमखास सापडते : ‘इफ आय वुड हॅव्ह लेफ्ट अर्ली, आय वुड नॉट हॅव्ह मिस्ड द ट्रेन.’ या चुकीमागे एक सरळ तर्क आहे. मराठीत अट सांगणाऱ्या भागात ‘निघालो असतो’ आणि परिणाम सांगणाऱ्या भागात ‘चुकली नसती’, अशी दोन्हीकडे एकाच जातीची रूपे येतात, म्हणून शिकणारा इंग्रजीतही दोन्हीकडे एकच साचा वापरतो. इंग्रजीला मात्र अटीसाठी एक आणि परिणामासाठी दुसरे रूप लागते. ‘करायला हवे होते’चे ‘हॅड टु डू’ करणे आणि ‘असते तर’ दिसताच काळ न पाहता पाठ केलेला साचा लावणे, या आणखी दोन चुकाही तितक्याच नित्याच्या आहेत. पुढील टप्प्यांचा क्रम या तीन चुका लक्षात घेऊन लावला आहे. पहिला टप्पा सोपा वाटला तरी तो गाळू नये. बहुतेक वाक्ये तिथेच बिघडतात.

पूर्वतयारी : क्रियापदाचे तिसरे रूप

या लेखातील जवळजवळ प्रत्येक रचनेत शेवटी क्रियापदाचे तिसरे रूप येते. ते चुकले तर बाकी सारे बरोबर असूनही वाक्य चुकते. ज्या क्रियापदांचे दुसरे आणि तिसरे रूप सारखेच असते (‘लेफ्ट’, ‘टोल्ड’, ‘बॉट’, ‘मिस्ड’) तिथे अडचण येत नाही. दोन्ही रूपे वेगळी असणारी क्रियापदे आधी पक्की करावीत : वेंट आणि गॉन, सॉ आणि सीन, टुक आणि टेकन, न्यू आणि नोन, गेव्ह आणि गिव्हन, रोट आणि रिटन, स्पोक आणि स्पोकन, ब्रोक आणि ब्रोकन, फरगॉट आणि फरगॉटन, बिगॅन आणि बिगन. ‘कम’, ‘रन’ आणि ‘बिकम’ यांचे तिसरे रूप पुन्हा पहिल्यासारखेच असते. त्यामुळे ‘वुड हॅव्ह केम’ हे कानाला कितीही बरे वाटले तरी चूकच आहे.

दुसरी तयारी म्हणजे एक छोटा नियम मनात ठसवणे. न घडलेल्या भूतकाळाविषयी लिहिताना ‘वुड’, ‘कुड’, ‘शुड’ आणि ‘माइट’ यांच्यानंतर नेहमी ‘हॅव्ह’च येते, कर्ता एकवचनी असो वा अनेकवचनी. ‘ही वुड हॅज गॉन’ किंवा ‘शी वुड हॅड गॉन’ अशी रूपे इंग्रजीत नाहीत.

पडताळणी : वाक्य लिहिण्यापूर्वी त्यातील क्रियापदाची तिन्ही रूपे मोठ्याने म्हणून पाहावीत. तिसऱ्यापाशी अडखळल्यास शब्दकोशातील त्या क्रियापदाची नोंद उघडावी. अनियमित रूपे तिथेच दिलेली असतात.

टप्पा १ : दोन्ही भागांचा काळ वेगवेगळा ठरवा

मराठीतील संकेतार्थी वाक्य अनेकदा काळ उघड सांगत नाही. ‘माझ्याकडे पैसे असते तर मी ती सायकल घेतली असती’ हे वाक्य आज दुकानात सायकलसमोर उभा असलेला माणूस म्हणू शकतो आणि पाच वर्षांपूर्वी हुकलेल्या सायकलविषयी बोलणाराही म्हणू शकतो. ऐकणाऱ्याला संदर्भावरून सारे समजते. इंग्रजीत मात्र ही दोन वेगळी वाक्ये होतात.

आजची गोष्ट असेल तर : ‘इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय दॅट बायसिकल.’

तेव्हाची गोष्ट असेल तर : ‘इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव्ह बॉट दॅट बायसिकल.’

म्हणून इंग्रजी शब्द शोधण्यापूर्वी मराठी वाक्याचे ‘तर’पाशी दोन तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्यावर ‘आज’ किंवा ‘तेव्हा’ असे लिहावे. वाक्य कोणत्या काळातले आहे हा एकच प्रश्न विचारून थांबू नये. अट तेव्हाची आणि परिणाम आजचा, किंवा याच्या उलटही असू शकते, आणि ते चौथ्या टप्प्यात कामी येईल.

आणखी एक खूण करावी. प्रत्यक्षात काय घडले, ते साध्या वाक्यात लिहावे. ‘त्याने फोन केला नसता तर मी झोपून राहिलो असतो’ या वाक्यामागील वस्तुस्थिती अशी की त्याने फोन केला आणि मी उठलो. नकार आणि होकार यांची ही अदलाबदल नजरेसमोर असली की ‘नॉट’ कुठे घालायचे याचा गोंधळ उरत नाही.

टप्पा २ : अटीचा भाग बांधा

तेव्हाच्या अटीसाठी रचना एकच आहे : ‘इफ’, मग कर्ता, मग ‘हॅड’, मग तिसरे रूप. नकार हवा असल्यास ‘नॉट’ हे ‘हॅड’च्या लगेच नंतर येते. ‘इफ आय हॅड लेफ्ट अर्ली’, ‘इफ ही हॅड नॉट कॉल्ड’. क्रियापदच ‘हॅव्ह’ असेल तेव्हा ‘हॅड हॅड’ असे दोनदा येते. ते विचित्र दिसते म्हणून अनेक जण एक ‘हॅड’ खोडतात आणि वाक्य नकळत आजचे होऊन बसते.

सावधान : ‘इफ’ असलेल्या भागात ‘वुड’ लिहू नये. अमेरिकेत बोलताना ‘इफ आय वुड हॅव्ह नोन’ असे ऐकू येते हे खरे. परंतु परीक्षेत, अर्जात किंवा कोणत्याही औपचारिक लेखनात ते चूक धरले जाते, आणि शिकणाऱ्याने त्या वाटेला न गेलेलेच बरे.

मराठीत ‘जर’ गाळला तरी चालते, कारण ‘तर’ वाक्य सांभाळून घेतो. इंग्रजीत याच्या उलट आहे : ‘इफ’ हवाच आणि ‘देन’ची गरज नसते. ‘देन’ घातल्याने वाक्य चुकत नाही, पण प्रत्येक वाक्यात तो आला की लेखन जड होते.

टप्पा ३ : परिणामाचा भाग बांधा

परिणामासाठी ‘वुड हॅव्ह’ आणि तिसरे रूप येते. खात्रीचा परिणाम सांगायचा असेल तेव्हाच ‘वुड’ वापरावे. ‘कदाचित’ म्हणायचे असेल तर ‘माइट हॅव्ह’ आणि ‘करता आले असते’ म्हणायचे असेल तर ‘कुड हॅव्ह’ घ्यावे. मराठीतील ‘शकलो असतो’ला ‘कुड हॅव्ह’ हे नेमके जुळते. ‘कुड एबल टु’ ही रचना इंग्रजीत मुळीच नाही.

आता सुरुवातीचे वाक्य या क्रमाने सोडवून पाहू. ‘मी लवकर निघालो असतो’ हा पहिला तुकडा, खूण ‘तेव्हा’. ‘गाडी चुकली नसती’ हा दुसरा, खूण पुन्हा ‘तेव्हा’. वस्तुस्थिती : मी उशिरा निघालो, गाडी चुकली. अटीचे क्रियापद ‘लीव्ह’, तिसरे रूप ‘लेफ्ट’, म्हणून ‘इफ आय हॅड लेफ्ट अर्ली’. परिणामात मराठीचा कर्ता ‘गाडी’ आहे, परंतु इंग्रजीत गाडी माणूस चुकवतो, म्हणून कर्ता ‘आय’ होतो. ‘मिस’चे तिसरे रूप ‘मिस्ड’ आणि नकार ‘वुड’नंतर. पूर्ण वाक्य असे होते : ‘इफ आय हॅड लेफ्ट अर्ली, आय वुड नॉट हॅव्ह मिस्ड द ट्रेन.’ अटीचा भाग आधी असेल तर त्यानंतर स्वल्पविराम द्यावा. परिणाम आधी सांगितला तर स्वल्पविराम नको.

कर्त्याची ही अदलाबदल दिसते त्याहून महत्त्वाची आहे. ‘मला कळले असते’, ‘मला मिळाले असते’, ‘मला आवडले असते’ या मराठी वाक्यांत ‘मला’ असले तरी इंग्रजीत बहुतेक वेळा ‘आय’ कर्ता होतो. काळाचे रूप बरोबर असूनही अनेक वाक्ये इथे कोलमडतात.

सावधान : ‘वुड हॅव्ह’ आणि ‘वुड हॅव्ह टु’ यांत गल्लत करू नये. ‘आय वुड हॅव्ह गॉन’ म्हणजे मी गेलो असतो. ‘आय वुड हॅव्ह टु गो’ म्हणजे मला जावे लागेल किंवा लागले असते, आणि त्यात बोलणे आजचे किंवा पुढचे असते. तेव्हाचे ‘जावे लागले असते’ हवे असल्यास ‘आय वुड हॅव्ह हॅड टु गो’ असे म्हणावे लागते.

कर्मणी रचनेत एक शब्द वाढतो. ‘सांगितले गेले असते’ यासाठी ‘वुड हॅव्ह बीन टोल्ड’ म्हणावे. हे ‘बीन’ विसरले की अर्थ उलटतो : ‘शी वुड हॅव्ह टोल्ड’ म्हणजे तिने सांगितले असते.

पडताळणी : वाक्यातील ‘वुड’ मोजावेत. तेव्हाची अट आणि तेव्हाचा परिणाम असलेल्या साध्या वाक्यात ‘वुड’ एकदाच येतो, तोही ‘इफ’ नसलेल्या बाजूला.

टप्पा ४ : दोन भागांचे काळ वेगळे असतील तर

पहिल्या टप्प्यातील खुणा इथे उपयोगी पडतात. अट तेव्हाची आणि परिणाम आजचा असेल तर अटीत ‘हॅड’ व तिसरे रूप आणि परिणामात केवळ ‘वुड’ व पहिले रूप येते. ‘त्या वर्षी मी नोकरी सोडली नसती तर आज दुसऱ्या शहरात असतो’ याचे इंग्रजी असे होईल : ‘इफ आय हॅड नॉट क्विट द जॉब दॅट यर, आय वुड बी इन अनदर सिटी नाउ.’ इथे ‘वुड हॅव्ह बीन’ लिहिले तर तो परिणाम भूतकाळात जातो आणि ‘नाउ’शी त्याचा मेळ बसत नाही.

उलट प्रकारात अट कायमची असते आणि परिणाम तेव्हाचा. ‘मला उंचीची भीती नसती तर काल मीही कड्यावर चढलो असतो’ : ‘इफ आय वर नॉट अफ्रेड ऑफ हाइट्स, आय वुड हॅव्ह क्लाइम्ब्ड द क्लिफ यस्टरडे.’ उंचीची भीती काल होती आणि आजही आहे, म्हणून अटीत ‘हॅड बीन’ लागत नाही. अशा अटीत ‘आय’, ‘ही’, ‘शी’ या सर्वांबरोबर ‘वर’ चालते. बोलताना ‘वॉज’ही ऐकू येते, पण लेखनात ‘वर’ ठेवावे.

टप्पा ५ : हळहळ व्यक्त करा

‘मी ते बोललो नसतो तर बरे झाले असते.’ हळहळीसाठी मराठीची ही हुकमी रचना आहे, आणि तिचे शब्दशः इंग्रजी करता येते. व्याकरणाने ते चुकणारही नाही, परंतु इंग्रजी बोलणारा अशा वेळी ‘विश’ वापरतो : ‘आय विश आय हॅड नॉट सेड दॅट.’ हळहळ आता वाटते, म्हणून ‘विश’ वर्तमानात राहते. ज्या गोष्टीची हळहळ वाटते ती तेव्हाची, म्हणून तिला ‘हॅड’ व तिसरे रूप.

‘विश’नंतर काय येते त्यावर सारा अर्थ अवलंबून आहे. ‘आय विश आय न्यू द आन्सर’ म्हणजे उत्तर आज माहीत नाही. ‘आय विश आय हॅड नोन द आन्सर’ म्हणजे तेव्हा माहीत नव्हते. ‘आय विश यू वुड लिसन’ ही दुसऱ्याच्या आजच्या वागण्याविषयीची तक्रार आहे, तिचा भूतकाळाशी संबंध नाही. म्हणूनच ‘आय विश आय वुड हॅव्ह लिसन्ड’ हे दोन साच्यांचे कडबोळे टाळावे.

काय घडले हे ठाऊकच नसेल तर ‘विश’ चालत नाही. ‘तो सुखरूप पोचला असेल अशी आशा आहे’ यासाठी ‘आय होप ही अराइव्ह्ड सेफली’ असे म्हणावे.

‘इफ ओन्ली’ची रचना ‘विश’सारखीच आहे, फक्त भावना अधिक तीव्र असते आणि परिणामाचा भाग जोडला नाही तरी वाक्य पूर्ण होते : ‘इफ ओन्ली वी हॅड आस्क्ड हिम!’ रोजच्या लहानसहान गोष्टींसाठी ते वापरले तर नाटकी वाटते.

टप्पा ६ : ‘करायला हवे होते’ आणि त्याची भावंडे

माझ्या मते मराठी माणसाची सर्वात महागात पडणारी चूक इथे होते, कारण वाक्य व्याकरणशुद्ध राहते आणि अर्थ मात्र उलटा जातो. ‘डॉक्टरांना आधीच बोलवायला हवे होते’ याचे ‘आय हॅड टु कॉल द डॉक्टर’ असे केले तर ऐकणारा समजतो की बोलावणे भाग पडले आणि बोलावले. न केलेल्या गोष्टीसाठी ‘शुड हॅव्ह’ हवे : ‘आय शुड हॅव्ह कॉल्ड द डॉक्टर अर्लियर.’

‘बोलायला नको होते’ यासाठी ‘आय शुड नॉट हॅव्ह सेड दॅट’, म्हणजे मी बोललो. ‘मला सांगायचेस ना!’ या तक्रारीसाठी ‘यू शुड हॅव्ह टोल्ड मी’ किंवा, थोडे चिडून, ‘यू कुड हॅव्ह टोल्ड मी’. समोरच्याला ‘शुड हॅव्ह’ ऐकवणे हा दोषारोप असतो. वरिष्ठांना किंवा ग्राहकाला लिहिताना ‘आय विश यू हॅड टोल्ड मी’ हे सौम्य पडते.

‘गरज नव्हती’च्या बाबतीत इंग्रजी दोन वाटा देते. ‘यू नीड नॉट हॅव्ह वेटेड’ म्हणजे तुम्ही थांबलात, पण ते व्यर्थ गेले. ‘यू डिड नॉट नीड टु वेट’ म्हणजे थांबण्याची गरज नव्हती. थांबलात की नाही, हे त्यातून कळत नाही.

सावधान : ‘कुड नॉट हॅव्ह’ म्हणजे नेहमीच काम झाले नाही, असे नव्हे. ‘वी कुड नॉट हॅव्ह फिनिश्ड विदाउट यू’ म्हणजे काम पूर्ण झाले आणि तुमच्यामुळे झाले. आभाराच्या पत्रात हे वाक्य हमखास लागते, आणि त्यातील ‘हॅव्ह’ गाळल्यास (‘वी कुड नॉट फिनिश विदाउट यू’) कामच अपुरे राहिल्याचा निरोप जातो.

टप्पा ७ : ‘असता’ आणि ‘असेल’ वेगळे ठेवा

‘तो बुडाला असता’ आणि ‘तो बुडाला असेल’ यांत मराठी माणूस कधीच गोंधळत नाही. इंग्रजीत ‘माइट हॅव्ह’ दोन्हींसाठी वापरले जाते, त्यामुळे लिहिणाऱ्याने काळजी घ्यावी लागते. बुडण्याचा धोका टळला असेल तर ‘ही माइट हॅव्ह ड्राउन्ड’ किंवा ‘ही कुड हॅव्ह ड्राउन्ड’ लिहावे. तिथे ‘मे हॅव्ह’ लिहू नये. काय झाले हे अजून माहीत नसेल तर ‘ही मे हॅव्ह ड्राउन्ड’ हे अधिक स्पष्ट. ‘विसरला असणार’ यासाठी ‘ही मस्ट हॅव्ह फरगॉटन’ आहे. तो केवळ तर्क आहे, त्यात खेद किंवा दोष नाही.

टप्पा ८ : औपचारिक लेखनातील पर्याय

वरील सारे पक्के झाल्यानंतरच इकडे वळावे. ‘इफ’ काढून ‘हॅड’ पुढे आणता येते : ‘हॅड आय नोन, आय वुड हॅव्ह कम.’ या रचनेत ‘हॅडन्ट’ असे जोडरूप सुरुवातीला चालत नाही. नकार कर्त्यानंतर येतो, ‘हॅड ही नॉट कॉल्ड’. ‘तुमची मदत नसती तर’ यासाठी ‘बट फॉर युअर हेल्प’ पुरेसे आहे, त्यात क्रियापद लागतच नाही.

‘रिग्रेट’ या क्रियापदापुढे ‘इंग’चे रूप आले तर भूतकाळातील कृतीचा पश्चात्ताप व्यक्त होतो : ‘आय रिग्रेट टेलिंग हिम.’ ‘टु’ आले तर ती वाईट बातमी देण्यापूर्वीची औपचारिक प्रस्तावना ठरते : ‘वी रिग्रेट टु इन्फॉर्म यू.’ माफीच्या पत्रात ही अदलाबदल झाली तर वाचणारा पुढच्या वाईट बातमीची वाट पाहत बसतो.

टप्पा ९ : बोलताना आणि ऐकताना

बोलताना ‘आय हॅड’ आणि ‘आय वुड’ या दोन्हींचे ‘आय्ड’ असे एकच आखूड रूप होते. पुढचा शब्द ऐकावा : तिसरे रूप असेल तर ते ‘हॅड’, आणि ‘हॅव्ह’ असेल तर ‘वुड’. ‘शुड हॅव्ह’चा उच्चार ‘शुडव्ह’ होतो आणि भर तिसऱ्या रूपावर पडतो. त्या आखूड उच्चारावरून ‘शुड ऑफ’ असे लिहिण्याची चूक इंग्रजी मातृभाषा असणारेही करतात. लेखनात ती अक्षम्य मानली जाते.

शेवटची फेरी : लिहिलेला परिच्छेद तपासणे

पुढील परिच्छेदात वरच्या बहुतेक चुका एकत्र आहेत :

‘आय हॅड टु चेक द लेटर बिफोर सेंडिंग इट. इफ आय वुड चेक इट, आय वुड हॅव्ह सॉ द राँग डेट. आय विश आय वुड हॅव्ह आस्क्ड माय कलीग. देन वी वुड नॉट हॅव्ह बीन इन ट्रबल नाउ.’

पहिल्या वाक्यात पत्र तपासलेच नव्हते, म्हणून ‘शुड हॅव्ह चेक्ड’. दुसऱ्यात अटीतील ‘वुड’ जाऊन ‘हॅड चेक्ड’ येते आणि ‘सॉ’च्या जागी ‘सीन’. तिसऱ्यात ‘विश’नंतर ‘हॅड आस्क्ड’. चौथ्यात ‘नाउ’ आहे, अडचण आजची आहे, म्हणून ‘हॅव्ह बीन’ काढून ‘बी’ ठेवायचे :

‘आय शुड हॅव्ह चेक्ड द लेटर बिफोर सेंडिंग इट. इफ आय हॅड चेक्ड इट, आय वुड हॅव्ह सीन द राँग डेट. आय विश आय हॅड आस्क्ड माय कलीग. देन वी वुड नॉट बी इन ट्रबल नाउ.’

स्वतःचे लेखन तपासताना हाच क्रम ठेवावा : प्रथम काळाच्या खुणा, मग ‘इफ’ आणि ‘विश’ यांच्या पाठोपाठ आलेला ‘वुड’, मग ‘हॅड टु’, आणि तिसरे रूप सर्वांत शेवटी. तिसऱ्या रूपापासून सुरुवात केली तर एकेक शब्द दुरुस्त होत जातो, पण चुकीच्या काळात बांधलेले वाक्य तसेच राहून जाते.